सुपाएवढ्या कानांचे श्रोते

रोह्याच्या नित्याची जपानी सीडी ऐकलीत का तुम्ही? एकाच मैफलीच्या दोन सीड्या आहेत त्याच्याकडे. एक आपली साधी, दुसरी जपानमध्ये नव्याने मास्टर केलेली, म्हणजे त्याच रेकॉर्डिंगचा आवाज पुन्हा निखारून काढलेली. साधी आम्ही श्रावणात हमरापूरला सुध्याच्या गणपतीच्या कारखान्यात ऐकली होती; तंबोऱ्याची तार न तार सुटी ऐकू यायची. जपानी आली ती गणपतीनंतर; तीपण ऐकायला त्याच कारखान्यात जमलो.

नित्या ऐटीत म्हणाला, "आता ऐका फरक!"

लावली, तर आवाज पिंपातून आल्यासारखा. मग साधी लावली, तर तीपण तशीच!

"स्पीकर गेला काय रे?" सुध्या म्हणाला.

नित्याने रिकाम्या फळ्यांकडे बघून टाळी वाजवली. खोली घुमली. "स्पीकर नाय, गणपती गेले!"

विकायच्या राहिलेल्या मूर्ती मागच्या खोलीत होत्या. त्या सगळ्या उचलून आणल्या, भिंतीला लावल्या आणि जपानी परत लावली. शप्पथ सांगतो, गाणारा सुराआधी श्वास घेतो, तो ऐकू आला. अंगावर काटा! साध्या सीडीत तो श्वास नव्हताच.

नित्याने मूर्तींना हात जोडले.

सुध्या हळूच म्हणाला, "सुपाएवढे कान हायत त्यांचे. समोर असे ऐकणारे बसले, तर गाणारा जीव ओतणारच ना!"