एवढं एक पुसतो, की झालं

नाही, पण मला एक सांगा, खोडरबर हे काय चित्रकाराचं साहित्य झालं? आणि तेही अख्ख्या वर्गासमोर, माझ्या तोंडावर! म्हणजे झालं असं... आमचा निवृत्तांचा चित्रकलेचा वर्ग आहे, रविवारी सकाळी, आणि शिकवणाऱ्या बाई, वयानं माझ्या मुलीएवढ्या, त्यांनी सगळ्यांना विचारलं, आपापलं आवडतं माध्यम सांगा. वर्गातले एक दंतवैद्य म्हणाले जलरंग, कारण ते हाताखालून पळतात, पेशंटसारखे. माझी पाळी आली. आता तुम्हाला सांगतो, कलावंतांच्या निर्मितिप्रक्रियेवर मी प्रबंध लिहिलाय, सहाशे पानं, तळटीपा वेगळ्या! मी घसा साफ केला, "वास्तविक पाहता माध्यम ही संकल्पनाच..." तेवढ्यात बाई म्हणतात, "सर, तुमचं खोडरबर!"

हसले हो सगळे. दंतवैद्य जरा जास्तच.

बरं, मला कोळसा आवडतो. ती हलकी काळी कांडी, खरखरीत कागदावर कशी बारीक कुरकुरत जाते... आणि हो, ते मऊ खोडरबरही आवडतं, कणकेसारखं मळायचं, हवं तसं टोक काढायचं. साठ वर्षं पुस्तकं चाळली, पण बोटांना असं सुख कधी लागलं नव्हतं. पण सुखाचं काय आहे, ते घेऊन मी बसलो बायकोचं चित्र काढायला! वर्गाच्या प्रदर्शनात लावीन असा शब्द देऊन बसलो, तिनं तो लगेच बहिणीला कळवला, आणि संपलं, आता माघार कुठली?

अकरा बैठका झाल्या. खिडकीपाशी खुर्चीत ही, समोर मी. दर थोड्या वेळानं, "अहो, झालं का?" आणि मी, "झालंच गं. एवढं एक पुसतो, की झालं."

तिसऱ्या बैठकीत डोळे जमले होते. खरंच जमले होते! पण मग मनात आलं, मला जमलेत असं वाटतंय, म्हणजे नक्की कुठंतरी चुकलंय... पुसले. पाचवीत हनुवटी. सातवीत कपाळ, आणि कपाळ गेलं म्हटल्यावर केस कशाच्या आधारानं राहणार? नवव्या बैठकीत ही मान न हलवता म्हणाली, "पंचेचाळीस वर्षांत एक स्वयंपाक अर्धा ठेवला नाही मी. मला एकदा तरी पूर्ण करा." आणि नेमकं तेव्हाच लक्षात आलं, डावा कान मोठा झालाय. म्हटलं, "अगं, एवढं एक पुसतो, की..."

प्रदर्शनाच्या दिवशी मी आंघोळीला गेलो हो, दुसरं काही नाही, आंघोळीला! बाहेर येतो तर बोर्ड रिकामा.

"चित्र?"

"बाई येऊन घेऊन गेल्या. मीच दिलं."

"अगं, पण ते पूर्ण नव्हतं!"

"मी तरी कुठं झालेय?"

सदरा चढवला आणि हिला घेऊन प्रदर्शनाला गेलो. भिंतीवर दंतवैद्यांची फुलं, ताजी, टवटवीत, आणि शेजारी आमचा कागद... घासून घासून जुन्या घोंगडीसारखा झालेला, राखाडी, आणि त्यात एकाखाली एक पुसलेले अकरा चेहरे. मेहुणी चष्मा वर करून म्हणते, "भाऊजी, धुक्यात कोण उभं आहे हे?" मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. एक गृहस्थ पुढं आले, "आपली निर्मितिप्रक्रिया काय हो?" सहाशे पानं लिहिलेला माणूस मी, एक शब्द सुचेल तर शपथ!

ही मात्र बघत होती. किती वेळ बघत होती म्हणता! माझे पाय दुखायला लागले. मग हळूच म्हणाली, "अशीच दिसते मी. सकाळी आरशात, चष्मा सापडायच्या आधी." आणि डोळे पुसले तिनं. तिनं, मी नव्हे!

खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. जरा पुढं सरकलो, नीट बघावं म्हणून... आणि तुम्हाला सांगतो, तो डावा कान! हात आपोआप खिशात गेला. खिसा रिकामा. वळून बघतो तर ही पर्स उघडून मला आतलं खोडरबर दाखवतेय, "घरी गेल्यावर देते. तोवर मला राहू द्या."

चार महिने झाले त्याला. अजून दिलेलं नाही. चित्र आता आमच्या जेवणाच्या टेबलासमोरच टांगलंय, मी रोज दोन्ही वेळा त्याच्यासमोर जेवतो... मी काही हात लावत नाही हो, पण तुम्हीच या एकदा आणि सांगा, कान जरा मोठाच आहे ना?