नेम माझा, उपास तिचा

…तर मी देवापुढे नेम केला होता हो, आजीबाई — नात भाजी खाईपर्यंत मी गोडाला शिवणार नाही! तुम्ही हसा. माझे डॉक्टरही हसले. माझी साखर उतरली ना, ते खूश. नातीचं वजन उतरलं, तेव्हा इथे या आहाराच्या बाईंकडे आलो. तुमच्या नातवासारखाच ऑटिझम तिलाही. भात, दूध, उकडलेला बटाटा — तीनच गोष्टी खायची, तिन्ही पांढऱ्या. मी म्हटलं, पांढरं हवं ना, घे! फ्लॉवर बारीक किसला आणि भातात कालवला. रंग तोच, कोणाला कळतंय? कळलं. पहिल्याच घासाला. चमचा असा हळूच खाली ठेवला, रडली नाही, ओरडली नाही — आणि भातच सोडला! घरातली सगळ्यांत शहाणी मीच ना! तीन गोष्टींच्या दोन करून ठेवल्या. नेम माझा, घाई माझी, आणि उपास घडला तिला.

सुनेला? — नाही, सांगितलं नाही. तिला वाटतं, तिने तांदूळ बदलला म्हणून झालं. जुना तांदूळ मिळावा म्हणून बिचारीने तीन दुकानं पालथी घातली, आणि मी माळ ओढत गप्प… अगंबाई, हे तुम्हाला कशाला सांगत बसले मी!

बाई मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तिच्यापासून काही लपवू नका; नवी भाजी वेगळ्या वाटीत ठेवा, बघू द्या, हुंगू द्या, खायचा आग्रह नको. मग मी जुना नेम सोडला आणि नवा धरला — ताटात जे असेल ते आधी दाखवायचं, आणि ‘एकच घास गं’ म्हणायचं नाही. माझ्यासारख्या बडबडीला! त्यापेक्षा निर्जळी उपास सोपा. आता आईच्या हातचा भात खाते. माझ्या हातचा अजून नाही. पण काल फ्लॉवरचा तुरा हुंगला आणि उचलून माझ्या ताटात ठेवला — मी मुकाट्याने खाल्ला, तिने टक लावून पाहिलं.

आज घरी गेले की सुनेलाही सांगणार आहे. बोलेल, बोलू दे.

आणि काय हो, मघापासून नातवाच्या बटाट्याचा तो डबा एवढा घट्ट का धरलाय? बटाट्यात काय कालवलंय? — मला नको, त्याला सांगा. एवढा नेम माझ्याबरोबर धराच. झाकण काढा, म्हणा, ‘बाळा, आजीने यात हे घातलंय, नको तर नको.’ — बघा, तुम्हालाच बोलावतायत. अहो ताई, येतील या आत, थांबतील बाई दोन मिनिटं. आधी झाकण काढा.