डावा पंख, तीन सूत कमी

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या मिलचे मॅनेजर श्रीमान जयसिंगरावजी साहेब. प्रमुख पाहुणे, तांत्रिक शाळेचे हेडमास्तर श्रीयुत अच्युतरावजी. ज्यांच्या निवृत्तीच्या सत्कारासाठी आपण जमलो ते वर्कशॉपचे फोरमन, सगळ्यांचे मिस्त्रीजी, संताजीराव आणि सौ. लीलाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, खात्याखात्यांतले माझे सोबती आणि उजव्या बाजूला बसलेल्या माताभगिनींनो,

मला दहा मिनिटे दिली आहेत. मी ड्रॉइंग ऑफिसचा हेड ड्राफ्ट्समन. रेघ मारतो, बोलत नाही. तरीही आज बोलायला मीच उभे राहायला हवे होते. का, ते ओघात येईलच.

मघापासून टेबलावरच्या या पितळी विमानाकडे बघून खुर्च्यांमधून एकच कुजबूज ऐकू येते आहे. "अरे भिया, मिस्त्रीजींच्या विमानाचा एक पंख कुठे गेला?" कोणी म्हणतो टांग्यातून आणताना पडला, कोणी म्हणतो नातवाने मोडला. मंडळी, टांगेवाला निर्दोष आहे आणि नातू उज्जैनला आहे. तो पंख संताजीरावांनी स्वतःच्या हाताने, परवा, आरीने कापला. आणि तो कापावा लागला तो माझ्यामुळे.

परंतु आधी सत्कारमूर्तींविषयी चार शब्द, नाहीतर अध्यक्षसाहेब म्हणतील हा आपलेच पुराण लावून बसला.

संताजीरावांची एकतीस वर्षे या मिलमध्ये गेली. त्यांचे वडील होळकर सरकारच्या मोटारखान्यात होते, म्हणजे हत्यार हातात धरणे घरातच. आपल्या लूमखात्यातला कोणता गिअर त्यांनी बनवला नाही असे विचारले तर उत्तर सापडणे कठीण. माझ्या ड्रॉइंगमध्ये चूक असली की ते कागद परत पाठवीत, कोपऱ्यात लाल पेन्सिलीची एक टिकली लावून. शब्द नाही, चिठ्ठी नाही, फक्त टिकली. इतक्या वर्षांत अशा अकरा टिकल्या आल्या. मी मोजल्या आहेत, कारण प्रत्येक वेळी मला जेवण गोड लागले नाही.

आता हे विमान. ज्यांनी जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. याला चाके नाहीत, खाली दोन लांब होड्या आहेत. इटलीवाल्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी समुद्रावरच्या शर्यतीसाठी असली विमाने बांधली होती. ती पाण्यावरून उठत आणि पाण्यावरच उतरत. आपल्या इंदुरात समुद्र कुठला? सिरपूरच्या तलावावर म्हशी उतरतात. पण संताजीरावांनी तरुणपणी कुठल्याशा मासिकात असले चित्र पाहिले आणि ते डोक्यात बसले ते बसलेच.

फुटाला पाऊण इंच या मापाने सगळे पितळेत केले आहे. तयार भाग एकही नाही. होड्यांचा पत्रा त्यांनी लाकडी ठोकळ्यावर ठोकून वळवला, आणि घरच्या हौदात सोडून त्या थेंबभरही पाणी घेत नाहीत याची खात्री केली. इंजिन थंड ठेवायला खऱ्या विमानाच्या पंखांवरच पाण्याच्या बारीक नळ्या पसरलेल्या असत. त्या नळ्या म्हणून त्यांनी एकेका पंखावर दोनशे चौदा तांब्याच्या तारा शेजारी शेजारी ठेवून डाख दिला. एका पंखाला अकरा महिने लागले. लीलाबाई इथे बसल्या आहेत, त्या सांगतील, अकरा महिने स्वयंपाकघरात फोडणीपेक्षा कथलाचाच वास जास्त येत होता.

आणि या सगळ्याला कागद कोणाचा? माझा.

आठ वर्षांपूर्वी मुंबईहून एक इंजिनीअर आपले नवे बॉयलर बसवायला आले होते. त्यांच्या ट्रंकेत एक इंग्रजी मासिक होते, आणि त्यात या विमानाचा वरून काढलेला पूर्ण नकाशा. संताजीराव माझ्याकडे धावत आले. "चिंतामणजी, साहेब संध्याकाळच्या गाडीने चालले. बस, दुपार आहे आपल्याजवळ. उतरवून द्या ना!" मी ट्रेसिंगचे कापड पसरले. बाजूने दिसणारे चित्र उतरवले, होड्या उतरवल्या आणि शेवटी पंखांवर आलो तेव्हा चार वाजून गेले होते.

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. जी वस्तू मधल्या रेघेच्या दोन्ही अंगांना सारखी, तिची आम्ही अर्धीच बाजू काढतो, आणि मधल्या रेघेच्या पलीकडे लिहितो, "दुसरी बाजू अशीच." मेहनत वाचते, कापड वाचते. पुली असो, झाकण असो, मी हजारो वेळा लिहिले असेल. त्या दिवशीही मी उजवा पंख काढला, आणि डावीकडे सुंदर अक्षरात लिहिले, "दुसरी बाजू अशीच." मोजले का? नाही मोजले. विमानाचे दोन पंख सारखेच असणार, त्यात मोजायचे काय?

संताजीरावांनी तरी मोजले का? त्यांना मोजायला दुसरी बाजू होतीच कुठे! मी विचारले होते, "एकदा ताडून घ्यायचे का?" तर म्हणाले, "कागद तुमचा आहे ना? मग झालं." हे वाक्य त्यांनी मोठ्या विश्वासाने म्हटले. आज ते मला फार जड वाटते आहे.

चौदा महिन्यांपूर्वी अच्युतरावजींनी महूच्या छावणीतल्या लिलावात एका गोऱ्या अधिकाऱ्याची पुस्तके शाळेसाठी घेतली. त्यांत तेच मासिक निघाले. त्यांनी कौतुकाने मला दाखवायला आणले. मी सहज डिव्हायडर लावला. उजव्या पंखावर उघडलेला डिव्हायडर डाव्या पंखावर ठेवला, तर टोक पंखाच्या आतच पडले. डावा पंख लांब होता. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आपल्या मापात तीन सूत. सूत म्हणजे आमच्या मिस्त्री लोकांचा इंचाचा आठवा हिस्सा, लूमवरचे सूत नव्हे.

खाली बारीक अक्षरात कारणही छापले होते. इंजिनाचा जोर इतका की प्रोपेलर एका अंगाला फिरला की सगळे विमान दुसऱ्या अंगाला कलते, आणि डावी होडी पाण्यात रुतते. म्हणून डाव्या पंखाला जास्त उचल हवी, म्हणून तो मुद्दाम लांब केला. चार ओळी होत्या. त्या दुपारी मी वाचल्या नव्हत्या.

मग मी काय केले? काही नाही. मासिक मिटले, अच्युतरावजींना म्हटले, "छान आहे." तेव्हा डाव्या पंखावर तारा बसवणे चालू होते. रोज जेवणाच्या सुट्टीत संताजीराव सांगत, आज नव्वद झाल्या, आज शंभर झाल्या. मी म्हणे, वा! मंडळी, मी भित्रा माणूस आहे, हे आज जाहीर सांगतो. त्याच दिवशी बोललो असतो तर निम्मे काम वाचले असते.

गेल्या सोमवारी समारंभ समितीने ठरवले की विमान ऑफिसच्या काचेच्या कपाटात ठेवायचे आणि खाली पितळी पट्टी लावायची. पट्टीवर अक्षरे कोरायचे काम अर्थात माझ्याकडे आले. मजकूर होता: "हुबेहूब प्रतिकृती." मी तीन दिवस ती पट्टी टेबलावर ठेवून बसलो. "हु"सुद्धा कोरवेना. गुरुवारी उठलो आणि बडा गणपतीजवळच्या त्यांच्या घरी गेलो.

सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "कितीने?"

"तीन सूत."

ते उठले, मोजपट्टी आणली, विमानावर लावली, डोळे बारीक करून पाहिले. मी म्हटले, "टोकाला तीन सुतांची जोड देऊ. कोणाला कळणार?"

"अरे भिया, जोड धोतराला लावतात. पंखाला थोडीच! याच्या सगळ्या फासळ्यांचं अंतर बदलेल." मग मोजपट्टी खाली ठेवत म्हणाले, "तुम्हाला कधी कळलं?"

"चौदा महिने झाले."

तोवर ते रागावले नव्हते. तेव्हा रागावले. "माप चुकतं, चिंतामणजी. माझंही चुकतं. पण चौदा महिने? मी तुम्हाला रोज तारा मोजून सांगत होतो ना?" एवढे बोलून ते विमान उचलून आत गेले. त्या घरातून मी चहा न घेता निघालो, असे पहिल्यांदा झाले. जिन्यावर असतानाच आरीचा आवाज ऐकला. मला रडू आले, हे सांगायला लाज वाटत नाही.

म्हणून आज टेबलावर एक पंख आहे. संताजीराव ते झाकून आणू शकले असते, किंवा आणलेच नसते. त्यांनी असेच आणले, कारण चुकीचे पूर्ण विमान दाखवण्यापेक्षा बरोबर अर्धे दाखवलेले त्यांना चालते.

अध्यक्षमहाराज, आता दोन गोष्टी, आणि मी बसतो.

पहिली. समितीने शाल-श्रीफळ दिले आहेच. माझ्याकडून ही गुंडाळी. यात डावा पंख आहे, उजवा आहे, मधली रेघ आहे. प्रत्येक फासळी मासिकावरून दोनदा मोजून काढली आहे. या कापडावर "दुसरी बाजू अशीच" हे शब्द कुठेही नाहीत.

दुसरी आपल्याला विनंती. परवापासून संताजीराव मिलचे नोकर नाहीत, म्हणजे गेटवर त्यांना अडवतील. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे. अशा डोळ्याने घरच्या खिडकीपाशी तो पंख पुन्हा होणार नाही. वर्कशॉपचा उजेड हवा, काम घट्ट पकडायला आपला मोठा व्हाइस हवा. दर रविवारी आत येण्याचा पास त्यांना मिळावा. आणि साहेब, पास दोघांचा करावा.

दोघांचा का? गुरुवारपासून ते माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. आज हॉलच्या दारात मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या पांढऱ्या कोटाकडे पाहिले आणि म्हणाले, "उद्या आठ वाजता वर्कशॉपमध्ये या. जुने कपडे घालून या. दोनशे चौदा तारा आहेत, त्या तुम्ही लावायच्या."

मी जन्मात कानस धरलेली नाही. पण येणार आहे.

ती पितळी पट्टी अजून कोरीच माझ्या खिशात आहे. ती पंख झाल्यावर कोरीन, आणि आधी त्यांच्याकडून तपासून घेईन.

अध्यक्षसाहेबांनी बोलायची संधी दिली, पाहुण्यांनी ते मासिक आणले, लीलाबाईंनी कथलाचा वास सोसला, आणि आपण सर्वांनी माझी दहाची वीस मिनिटे ऐकून घेतली. सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणेअधिक झाले असेल, तर तीन सुतांपर्यंतचे आपण पोटात घालावे. त्याहून जास्त असेल तर मला आजच सांगा. चौदा महिने थांबू नका.

नमस्कार.