विचारायचं नाही!

...आणि वर मलाच म्हणतात, विचारायचं नाही! अहो, मला? तुम्हाला सांगतो, उभा जन्म ऑफिसातल्या चौकशीच्या खिडकीत काढला मी. साहेब आहेत का, कधी येतील, सही कुठं, संडास कुठं... अख्ख्या जगानं मला विचारून घेतलं. म्हटलं, रिटायर झालो की आपली पाळी! लागलो विचारायला. दूधवाल्याला, पोस्टमनला, वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंना... तर आमच्या हिनं एक दिवस हात जोडले. "अहो, जिन्यात तुम्ही नाही ना, हे बघून लोक घराबाहेर पडतात! कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये ती संस्था गरजूंना जेवू घालते ना, तिथं जा, चार घास वाढा. तुम्हाला पुण्य, मला शांतता!"

गेलो. तिथल्या ताई वयानं माझ्या मुलीएवढ्या, आवाजानं सासूएवढ्या! एप्रन दिला आणि म्हणाल्या, "काका, कोण आलं, का आलं, विचारायचं नाही. ताट बघायचं, तोंड बघायचं नाही." आता मला सांगा, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ समोर रिकामं ताट धरून उभा, आणि मी गप्प बसू? प्रश्नांनी पोट फुगलं हो माझं! "काय हो, तुमचं..." एवढंच म्हणालो, की मागून, "काका!" विचारायचं नाही! मग काय, प्रश्न गिळायचा आणि भात वाढायचा.

आणि परवा दारात कोण? आमचे टेलरमास्तर! संध्याकाळी बागेतल्या बाकावर आम्ही दोघं बसतो. दुकान बरेच दिवस बंद, विचारलं तर म्हणतात, "रंगकाम चाललंय." बिस्किट पुढं केलं तर, "छे छे, आत्ताच जेवून आलो." तर हे मास्तर मला बघून चपापले आणि चक्क माघारी वळले! मी भर हॉलमध्ये ओरडलो, "अहो मास्तर, लाजता काय? मदतीला आलात ना? या, कांद्यांचा ढीग पडलाय!" हातातला भाताचा डाव टाकला, धावलो, दंड धरून आणलं, एप्रन बांधला, हातात सुरी दिली. त्यांना हो-नाही म्हणायला सवडच नाही! मी आपला खूष, दोस्त असावा तर असा.

चिरले हो त्यांनी. कापायचा हात तो, एकेक फोड मापात! रांग संपली, भांडी झाली, मग वाढणारे जेवायला बसले. तेच जेवण, शेवटी, एकत्र, अशी तिथली पद्धत. मास्तर माझ्या शेजारी. त्यांनी पहिला घास घेतला... आणि माझा हात ताटातच राहिला. जेवून आलेला माणूस असा नाही हो जेवत. ते रंगकाम, ते "आत्ताच जेवून आलो"... म्हणजे उपाशी माणसाकडून मी आधी पोतंभर कांदे चिरून घेतले! फार लाज वाटली मला. कधीपासून हे? बोलला का नाहीत? मी काय परका? सगळे प्रश्न ओठांवर येऊन उभे, आणि मास्तर ताटाकडे बघत म्हणाले, "उद्याही... माणूस लागेल का, कांद्याला?"

नाही विचारलं. मी! "लागेल की," म्हटलं. "या."

तेव्हापासून रोज येतात. आणि आता काय झालंय माहितीये? वाढायला मास्तर, कांद्याला मी! ताई म्हणतात, "मास्तर ताटाकडे बघून वाढतात, तोंडातून एक शब्द नाही. काका, तुम्ही कांद्यांशी बोला!" काल असाच डोळे पुसत चिरत होतो, तर मास्तर जवळ आले, हळूच म्हणाले, "काय हो, बरं चाललंय ना तुमचं?" अहो, त्या खिडकीत जगानं मला सगळं विचारलं, पण माझं कसं चाललंय हे कुणी, कुण्णी विचारलं नाही! सुरी खाली ठेवली. म्हटलं, आता सांगावंच सगळं, पहिल्यापासून... तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागून ताई, "मास्तर! विचारायचं नाही!"

घेतला पुढचा कांदा.