एकवीस दिवस कढत पाण्यात

नाही, पण मुळात मला झालं काय होतं? तुम्हीच सांगा. वय चौसष्ट, रोज सकाळी सहाला कर्वेनगरातून निघून टेकडी चढतो, वर पाच मिनिटं उभं राहून नव्या बिल्डिंगांना नावं ठेवतो, उतरतो, उतरल्यावर टेकडीच्या सोबत्याबरोबर, आमच्या गोपाळकृष्णबरोबर मिसळ, रस्सा दोनदा मागून... असल्या माणसाला कोणी कढत पाण्यात बसवतं का? आणि तेही एकवीस दिवस? अहो, बटाटासुद्धा वीस मिनिटांत बाहेर काढतात.

हे सगळं केलं आमच्या हिच्या भाच्यानं, केदारनं. चांगली आयटीतली नोकरी, एसीत बसून पगार, आणि एकदा हंगेरीला जाऊन आला. लोक परदेशातून चॉकलेटं आणतात, यानं कल्पना आणली. 'काका, तिकडे डॉक्टर चिठ्ठीवर गरम पाणी लिहून देतात! अख्खी गावं चालतात त्यावर. हेल्थ टूरिझम! पुण्यात हॉस्पिटल्स आहेत, एअरपोर्ट आहे, फक्त गरम पाणी नाहीये.' मी म्हटलं, अरे, आमच्या बाथरूममध्ये आहे की. तर म्हणे, 'ते थर्मल नाही. थर्मल म्हणजे जमिनीतूनच गरम आलेलं.' म्हणजे गीझरला काही अब्रूच नाही. बरं, तुझं थर्मल कुठून येणार बाबा? खडकवासल्याच्या पुढे जागा घेतली, बोअर मारली, पाणी लागलं ते बर्फासारखं. मग खाली बॉयलर, बॉयलरवर फरशी, फरशीवर दगड, दगडांतून वाफ, आणि दारावर पाटी, 'उष्णोदक'.

झालं, आता पाहुणा पाहिजे. 'काका, फॉरेनर्स यायच्या आधी एक लोकल सक्सेस स्टोरी लागते. एकवीस दिवसांचा कोर्स, एक आधीचा फोटो, एक नंतरचा.' मी म्हटलं, पण मला झालंय काय? तर ही स्वयंपाकघरातून म्हणते, 'अहो, काही झालं नाहीये म्हणूनच जा. झाल्यावर जाऊन काय उपयोग?' याला उत्तर आहे तुमच्याकडे? मला छत्तीस वर्षांत सापडलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी टेकडी चढून, मिसळ खाऊन गेलो, अंगात हिनं इस्त्री केलेला आकाशी शर्ट. फोटो काढताना केदार म्हणतो, 'काका, जरा आजारी दिसा ना.' अरे, दुखतच नाही काही, तर दिसू कुठून? हसायलाच आलं मला. तसाच निघाला फोटो, अगदी नुकतं लग्न ठरल्यासारखा.

आणि मग सुरू झालं ते पाणी... तिथे शर्मिला म्हणून एक मुलगी आहे, पानशेतकडच्या गावची, स्वभावानं गोड, पण हातात घड्याळ. 'आजोबा, बसा की गप. अजून पंधरा मिन्टं हायेत.' अगं, भाजतंय मला. 'भाजत न्हाय, गुण येतोय.' खालून वाफ, वरून वाफ, चष्म्यावर वाफ, वाचायला पेपर नेला तर अग्रलेख लगदा होऊन हातात आला, आणि खायला काय, तर मुगाचं पाणी आणि दुधी भोपळ्याचं सूप! मी हळूच विचारलं, शर्मिला, चिमूटभर फरसाण? 'केदारसरांनी न्हाय म्हणलंय.' आणि तिकडून तो गोपाळकृष्ण रोज न चुकता फोन करायचा. 'थांब हं,' म्हणायचा, आणि रस्सा भुरकल्याचा आवाज ऐकवायचा. मी पाण्यात बसून ऐकायचो, आणि मनात एकच, मुळात मला झालं काय होतं?

एकविसाव्या दिवशी मला त्यांचा क्रीम रंगाचा कुर्ता घातला आणि भिंतीला टेकवून उभं केलं. गाल आत, डोळे खाली, बोटांना सुरकुत्या. केदार कॅमेऱ्यात बघतो, माझ्याकडे बघतो, परत कॅमेऱ्यात. 'काका, लाइट बरोबर नाहीये.' सकाळी बरोबर नव्हता, दुपारी नव्हता, संध्याकाळी तो नाद सोडून घरी गेला.

घरी आलो, तर पंधरा दिवस टेकडी निम्म्यावरून परत, मिसळ समोर आली की पोटाला भोपळा आठवतो. तेवढ्यात गोपाळकृष्णचा फोन. 'अरे, तू चौकात लागलायस.'

गेलो. भला मोठा फलक. डावीकडे 'उपचारापूर्वी', तिथे क्रीम कुर्त्यातला गळपटलेला मी. उजवीकडे 'उपचारानंतर', तिथे आकाशी शर्टातला हसरा मी! अहो, अदलाबदल! पहिल्या दिवशीचा फोटो नंतर आणि शेवटच्या दिवशीचा आधी! तिथूनच केदारला फोन लावला, तर पठ्ठ्या शांतपणे म्हणतो, 'काका, दोन्ही फोटो तुमचेच आहेत ना? आपण फक्त क्रम बदललाय. आणि मस्कतहून चौकशी आलीये.'

म्हटलं, घरचं माणूस तरी खरं बोलेल. हिला रिक्षात घालून चौकात आणलं. अगं बघ, तो आकाशी शर्ट, पहिल्या दिवशी तूच इस्त्री करून दिलास की नाही? ती म्हणाली, 'शर्टाचं मला सांगू नका. चेहरा बघा.' तिनं डावीकडचा फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग परत डावीकडचा. 'अहो, आत्ता अगदी असेच दिसताय हो तुम्ही. म्हणजे गुण आला होता, पण टिकला नाही.'

आणि जागच्या जागी केदारला फोन करून माझा दुसरा कोर्स ठरवला. मी गोपाळकृष्णकडे धावलो. म्हटलं, तू तरी साक्ष दे, रोज माझ्याबरोबर टेकडी चढणारा माणूस तू. तर तो मान खाली घालून म्हणतो, 'अरे, तो उजवीकडचा फोटो बघून मीपण नाव दिलंय.'

उद्या सकाळी सहाला गाडी येतेय. दोघांना एकच कुंड आहे, तेवढीच सोबत... रस्सा भुरकायला आता फोनच्या पलीकडेही कोणी नाही. फोटोचं विचारलं, तर केदार म्हणाला, 'या वेळी नको काका, दोन्ही आहेत आपल्याकडे.' आणि मला मुळात झालं काय होतं, हे आता कोणाला विचारायची सोय राहिली नाही. लोक हात धरून चौकात नेतात आणि डावीकडे बोट दाखवतात.