चार वाजता ये

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि या संस्थेचे संस्थापक माननीय राजशेखरअण्णा, प्राचार्या आदरणीय सिद्धेश्वरी मॅडम, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, मोडनिंबपासून मंद्रूपपर्यंतच्या गावांहून सकाळच्या गाडीनं आलेले आईवडील, आणि ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या, पुढच्या आठवड्यात जर्मनीला निघालेल्या माझ्या नऊ मुलींनो,

मी काही भाषण करणारी बाई नव्हे. अण्णांचा फोन आला, "महेश्वरीताई, तुम्ही नऊ वर्षं तिथं संसार केलाय. रुग्णसेवा आम्ही शिकवली, राहायचं कसं ते तुम्ही सांगा." अण्णांना नाही म्हणणं सोलापुरात कुणाला जमलंय? आले.

तेव्हा आधी पोटापाण्याचं. तुमच्यातल्या पायलनं मला परवा विचारलं, "मॅडम, तिथं कोथिंबीर मिळते का?" मिळते. तुर्की लोकांची दुकानं असतात, तिथं कोथिंबीर, हिरवी मिरची, डाळी सगळं मिळतं. ज्वारीचं पीठ मात्र आफ्रिकी दुकानात शोधायचं. मला ते सापडायला दोन वर्षं लागली, आणि त्या दिवशी मी दुकानातच रडले, हे आमच्या ह्यांना अजून माहीत नाही. आता इथं बसलेत, कळलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बॅगेत खुशाल भरा. पेढे, खवा, तूप नेऊ नका, दुधाचं काही विमानतळावर सोडत नाहीत. नळाचं पाणी प्यायला चालतं. फोडणी देताना खिडकी उघडा, नाहीतर छताला लावलेला धुराचा भोंगा वाजतो आणि अख्खी इमारत जिन्यात गोळा होते. पत्रपेटीवर आपलं आडनाव लावा, नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच भाजी आणून ठेवा.

हे सगळं मला असं घडाघडा येतं, कारण मी ते कधीकाळी लिहून काढलं होतं. नव्यानं येणाऱ्या आपल्या माणसांसाठी हातानं लिहिलेली चार पानं. आमच्या शहरात कुणी मराठी जोडपं उतरलं, की त्यांच्या हाती ती पानं पडायची. लोक कौतुक करायचे. मलाही, खोटं कशाला बोलू, त्याचा अभिमान होता. आज तुमच्या फाइलमध्ये प्राचार्याबाईंनी तीच पानं छापून घातली आहेत. त्यातलं सातवं कलम मी काढून टाकायला सांगितलं. "का हो, ताई?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी उत्तर टाळलं. मॅडम, आता देते.

त्या कलमात लिहिलं होतं, 'न विचारता कुणाच्या दाराशी जाऊ नये. आधी निरोप पाठवावा, वेळ मागावी, आणि दिलेल्या वेळीच जावं.' यात चूक काय? काहीच नाही. तिथली रीतच आहे ती.

आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, हेमावती राहायला आली. माहेर मंद्रूप. नवरा मल्हार संगणकाच्या कंपनीत, चांगला मुलगा. ही चोवीस वर्षांची, शेतातून थेट बर्फात. माझी चार पानं तिनं पाठ केली होती. तरी एका रविवारी बेल वाजली. दारात हेमा, हातात झाकलेली वाटी. "ताई, हुलग्याचं माडगं केलंय. गरम हाय तवरच घ्या की."

आत शेजारच्या जर्मन बाई कॉफीला बसल्या होत्या. मी दार अर्धंच उघडं ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हटलं, "हेमा, इथं असं येत नाहीत. लिहून दिलंय ना मी? आधी विचारायचं."

"व्हय ताई, चुकलं," ती म्हणाली, आणि वाटी घेऊन जिना चढून गेली.

मंडळी, रीत शिकवायची म्हणून मी तिला परतवलं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला तिची लाज वाटली. तिच्या बोलण्याची, खोचलेल्या पदराची, त्या वाटीची. मी स्वतः अक्कलकोट रोडवरच्या चाळीत वाढलेली, घरी निम्मं कन्नड, निम्मं मराठी. पण त्या बाईंसमोर मला ते आठवायचं नव्हतं.

त्यानंतर हेमा कधी न विचारता आली नाही. प्रत्येक वेळी फोनवर निरोप, 'ताई, येळ हाय का?' मी सांगेन तेव्हा यायची. मला वाटलं, शिकली पोरगी.

पुढच्या फेब्रुवारीत तिला सहावा महिना लागला होता. मल्हार कामासाठी रविवारी सकाळीच दुसऱ्या गावी गेला होता. आमच्याकडे ह्यांचे साहेब सपत्नीक जेवायला यायचे होते. बाराच्या सुमाराला मी भज्यांचं पीठ भिजवत होते, आणि फोनवर निरोप आला, 'ताई, येऊ का?' एवढंच. मी ओल्या बोटानं उत्तर लिहिलं, 'चार वाजता ये.'

का गं, काय झालं, असे चार शब्द लिहायला कितीसा वेळ लागला असता? मी लिहिले नाहीत.

पाहुणे आले, जेवले, भज्यांचं कौतुक करून गेले. बरोबर चार वाजता बेल वाजली. हेमा भिंतीला धरून उभी होती. चेहरा पांढराफटक. तिनं खाली बघितलं, म्हणून मीही बघितलं. मग मी रुग्णवाहिका बोलावली. ती सहा मिनिटांत आली.

दवाखान्यात मला आत घेतलं, कारण हेमाला भाषा येत नव्हती. डॉक्टर विचारत होते, मी मराठीत सांगत होते, तिचं उत्तर जर्मनमध्ये करत होते. रक्तस्राव कधी सुरू झाला? "बाराच्या टायमाला," हेमा म्हणाली. मी ते जर्मनमध्ये सांगितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, या चार तास का थांबल्या? मी तिला विचारलं. हेमा छताकडे बघत म्हणाली, "ताईंनी चारचा टाइम दिलता."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी जर्मनमध्ये सांगितलं, "तिला समजलं नाही." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

बाळ गेलं. मुलगी होती. लवकर आणलं असतं तर वाचलं असतं, असं कुणी म्हणालं नाही. नसतं वाचलं, असंही कुणी म्हणालं नाही. पुढच्या महिन्यात हेमा मंद्रूपला परत आली, आणि वर्षभरानं मल्हारही नोकरी सोडून आला. मी नवीन माणसांना ती चार पानं देत राहिले.

आम्ही सोलापूरला परतून तीन वर्षं झाली. मंद्रूप इथून किती लांब आहे? तासाभराचाही रस्ता नाही. तो मला तीन वर्षं गाठता आला नाही. अण्णांचं हे निमंत्रण आल्यावर गेले. न सांगता गेले. हेमा अंगणात तूर पाखडत होती. सूप खाली ठेवून "या की, ताई" म्हणाली. तिचा शाळकरी मुलगा आजोबांबरोबर आठवडी बाजाराला गेला होता. घरात आम्ही दोघीच. मी तिला सांगितलं, त्या दिवशी मी डॉक्टरांना खोटं बोलले. तू थांबलीस ते माझ्यामुळे, आणि मी दोष तुझ्या न समजण्यावर टाकला.

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाली, "मला तवाच कळलं हुतं, ताई. 'समजलं न्हाय' एवढं त्यांच्या भाषेतलं मला येत हुतं. दुकानात रोज तेच म्हणायची मी."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुमी आमच्या गावाकडच्या. तिथं मला दुसरं कोण हुतं?"

तिनं मला क्षमा केली का, हे मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. "जेवून जावा" म्हणाली. मी जेवले.

मुलींनो, तुम्ही परिचारिका होऊन निघाला आहात. तिथल्या रीती जरूर पाळा, वेळेवर जा, विचारून जा. पण तुम्ही नऊजणी एकमेकींसाठी कुठलीही वेळ ठरवू नका. आणि एक दिवस तुम्हीही जुन्या व्हाल, इथून कुणी नवखी मुलगी येईल. तिच्या तोंडी सोलापूर असेल, आणि तुमच्याजवळ साहेबलोक बसलेले असतील. त्या दिवशी दार पूर्ण उघडा.

अण्णांनी बोलावलं, मॅडमनी मान दिला, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी आपल्या सर्वांची ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी मी हे दुखणं काढलं. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. तेवढीच क्षमा मी आपल्याकडे मागू शकते. दुसरी जिच्याकडे मागायची, तिला आज मी बोलावलं होतं. मागच्या रांगेत, खांबाजवळ बसली आहे. हेमा, चार माणसांसमोर सांगते, तुला सगळं समजलं होतं. समजलं नव्हतं ते मला.

नमस्कार.