रानबर्गमॉटचा वाफा

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात म्हातारी आर्डिस आणि तिचा धाकटा भाऊ लाइल माझ्या शेजारी बसले होते. बोलणं चाललं होतं रानबर्गमॉटचं, आमच्याकडच्या माळावर फुलणाऱ्या सुवासिक जांभळ्या रानफुलाचं.

"रानबर्गमॉटचं बी नीट पुरलंस ना, आर्डिस?"

"ते पुरायचं नसतं रे. मातीवर भुरभुरायचं आणि तळव्यानं दाबायचं. त्याला उजेड लागतो."

"मग यंदा फुलेल?"

"यंदा नुसता पाला. फुलं पुढच्या उन्हाळ्यात."

"पण तोवर तुझी नजर... डॉक्टर म्हणाले ना..."

"ऐकलंय मी."

"मग नर्सरीतून फुललेली रोपंच आणतो. डोळे भरून बघून तरी घे."

"तो जांभळा रंग लहानपणापासून बघितलाय, लाइल. डोळे मिटले तरी माळभर दिसतो."

"मग बी पेरायचा हट्ट कशाला?"

"हातांना ओळख व्हावी म्हणून. रोज वाफ्यावरून बोटं फिरवते. काल एक कोवळं पान लागलं. अख्खी दुपार बोटांना वास येत होता."

"पुढच्या उन्हाळ्यात मी येऊन बसलो तर चालेल तुझ्याजवळ?"

"ये की. पण बडबडायचं नाही हं. मधमाश्या आल्या की कुठलं फूल उमललंय, ते मी तुला सांगेन."